आप्पांचं नाक आणि माझी पांढरी वाइन

वाइन जुनी झाली की चांगली होते, हे मला कोल्हापुरात ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांतल्या एकानेही ती कधी तोंडाला लावलेली नव्हती. मी नाशिककडच्या एका वायनरीत ती बनवत होते आणि बहुतेक पांढरी वाइन वर्ष-दीड वर्षात उतरायला लागते, हे मला ठाऊक होतं. पण नातेवाइकांशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो. पोरगी दारूच्या कारखान्यात आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, असलं काही बोलले नाहीत. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. आमचं लिंगायत घर, दारूचा थेंब कधी उंबरा ओलांडून आला नव्हता. आप्पा गुळाचे व्यापारी. सौद्याच्या वेळी गुळाच्या ढेपेला नाक लावून ते सांगायचे, काहिलीत रस करपला होता का, चुना जास्त पडलाय का, ऊस नदीकाठचा की माळावरचा. त्या नाकावर अख्ख्या बाजाराचा भरवसा होता. मला नाक मिळालं ते त्यांचंच. त्याच नाकावर मी पोट भरत होते, आणि ते त्यांनी एकदा मान्य करावं एवढीच माझी इच्छा होती.

दोन हजार सालानंतरच्या एका हंगामात मी पहिल्यांदा माझ्या मनाने दोन पांढऱ्या वाइन एकत्र केल्या. एक सोविन्यो ब्लाँ जातीच्या द्राक्षांची, एक शेनिन ब्लाँची. पहिलीला वास भारी, पण अंगात दम कमी. दुसरी सुरुवातीला मुकी, पण तिचा आंबटपणा वर्षानुवर्षं टिकणारा. त्यातल्या सहा बाटल्या मी बाजूला काढल्या आणि दिवाळीला एक घेऊन घरी आले.

आईने बाटली बघताक्षणी निकाल दिला. "सोप्यात न्हाय, सैपाकघरात तर न्हायच न्हाय. परड्यात जाऊन काय करायचं ते कर."

म्हणून आम्ही बापलेक घरामागच्या परड्यात, धुण्याच्या दगडापाशी. काचेच्या पेल्यात मी दोन घोट ओतले. आप्पा म्हणाले, "हुंगतो. जिभंला लावायचं न्हाय मी."

त्यांनी डोळे मिटले. "कच्चा पेरू हाय. आनि गवत, आत्ता कापल्यालं." पुन्हा नाक घातलं. "ह्यात दोघं हायती. एक लई बोलतोय. दुसरा गप बसलाय."

वायनरीत मोठमोठ्या पदव्या लावून येणाऱ्यांनाही हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. मी शाळेत पहिला नंबर आल्यासारखी हसत उभी राहिले.

मग दर दिवाळीला एक बाटली. दुसऱ्या वर्षी पेरू पार विझला होता आणि मी धास्तावले होते. "झोपल्यात दोघं बी," आप्पा म्हणाले. "उठतील." तिसऱ्या वर्षी रंग पेंढ्यासारखा पिवळसर झाला. "बोलका गेला. गप बसल्याला आता बोलाय लागलाय. मेण हाय, पिकल्यालं सफरचंद हाय." चौथ्या वर्षी मध आला, भाजलेले शेंगदाणे आले, आणि आप्पा पेला नाकाशी धरून इतका वेळ बसले की त्यांचा चहा गार झाला.

पण त्यांना मिळत होती ती अर्धीच वाइन. तिचा आंबटपणा पहिल्या वर्षी कैरीसारखा दात आंबवायचा. चौथ्या वर्षी तो तेवढाच होता, तरी मऊ झालेला, जिभेवर रेंगाळणारा. हे नाकाला कळत नाही. दर वर्षी मी मागे लागायचे, "आप्पा, एक थेंब. नुसता जिभेवर." ते नाही म्हणायचे आणि मी चिडायचे. गळ्यातल्या लिंगापुढे मी कोणीच नाही का, असलं वाह्यात एकदा बोलूनही गेले. "तसं न्हाय ते," एवढंच म्हणून त्यांनी पेला दगडावर ठेवला.

पाचव्या वर्षी मी गेले तेव्हा आप्पांनी बाजार सोडला होता. पावसाळ्यात ताप लांबला, तेव्हापासून गुडघे साथ देत नाहीत, असं आई म्हणाली. परड्यात मात्र ते माझ्याआधी येऊन बसले. मी पेला हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, जरा थांबले, आणि सरळ ओठांना लावला.

माझे डोळे भरून आले. जन्मभराचा नेम त्यांनी माझ्यासाठी मोडला होता.

"मध हाय," ते म्हणाले. "शेंगदाणं हायती. गेल्या साली हुतं तसंच."

मी माझ्या पेल्यात नाक घातलं. भिजलेल्या पोत्याचा वास. बूच खराब निघालं की असं होतं. मध, फळं, सगळं त्याखाली झाकून जातं. जिभेला ते फारसं कळत नाही, नाकाला लगेच कळतं. भिजलेलं पोतं आप्पांना दुकानाच्या पायरीवरून कळायचं. आता ते चार बोटांवर होतं आणि आप्पा मध म्हणत होते. त्यांचा बाजार गुडघ्यांमुळे सुटला नव्हता.

"जिभेला कसं लागलं?" मी विचारलं.

"आंबट हाय की. पन चावत न्हाय. लई येळ ऱ्हातंय."

हे मात्र अगदी खरं होतं. चार वर्षं त्यांना नुसता वास मिळाला, आणि आता नुसती चव. माझी वाइन त्यांना पुरी अशी कधी मिळालीच नाही. आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही एखादं मिश्रण मनासारखं जमलं की पेला त्यांच्यापुढे धरावासा वाटतो, आणि तो दिवस मग वाईट जातो.

त्या दिवशी परड्यात ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "बरोबर हाय न्हवं? मधच हाय न्हवं?"

"व्हय आप्पा, मधच," मी म्हणाले, आणि माझा पेला शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.