आजारी पोराला जेवू घालताना

सोनाळ्याच्या स्टँडवरून गाडी निघाली तेव्हा माझा सम्यक मांडीवर गाढ झोपला होता आणि माय खिडकीखाली उभी राहून सूचना देत होती. नवऱ्याला चाकणला कंपनीत काम मिळालं होतं. मायच्या मते तिथलं पाणी खराब अन् माणसं त्याहून खराब. गाडी हलली तरी तिचं चालूच. "पोराले हगवण लागली तर पोट रिकामं ठेवजो बरं. आपसुक थांबते."

आमच्याकडे सगळ्यांचं असंच. पोराला जुलाब लागले की वरणभात बंद, अंगावरचं दूधही कमी, साबुदाण्याचं पाणी तेवढं चालतं. गावात ते निभून जायचं, कारण बरं झालं की पोरगं चार घरच्या ताटांतून खाऊन भरून काढायचं. चाकणला कुणाचं ताट? सगळ्या दारांना शिफ्टची कुलुपं. आणि आमच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत बघायची कुणाची हिंमत नव्हती. सम्यक बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा जुलाब, आणि पुन्हा त्याचं खाणं बंद. बघता बघता त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. तो हसायचाच थांबला.

अंगणवाडीत त्याच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली, ती लाल रंगावर थांबली, म्हणजे पोर फारच कुपोषित. मग दवाखान्यात भरती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जुलाबानं अंगातलं जातंय आणि वरून तुम्ही घास बंद करताय, मग पोरानं टिकायचं कशावर? तिथे त्याला थोडं थोडं करत खायला शिकवलं, आणि घरी सोडताना मला बजावलं की जुलाबातही दूध आणि मऊ जेवण सोडायचं नाही, मीठसाखरेचं पाणी पाजत राहायचं, पाणी उकळायचं.

घरी येऊन जरा स्थिरावतो तोच पुन्हा जुलाब. मी खिचडी शिजवली. नेमका मायचा फोन आला आणि मी काय करतेय ते तिला सांगितलं.

"काऊन खाऊ घालून राह्यली त्याले? मारतं का पोराले?"

जिनं मला वाढवलं तिच्या तोंडून हे ऐकून मी हातातला घास परत ताटलीत ठेवला. तिचं खरं असलं तर? मी रडतच फोन ठेवला आणि घास भरवला. त्यानं तो थुंकून टाकला. मी परत भरवला. सोनाळ्यातल्या आणि सोनाळा सोडलेल्या बायांनो, एवढी भीती मला गाव सोडतानाही वाटली नव्हती.

जुलाब थांबले आणि या वेळी वजन घटलं नाही. त्या दिवशी मी आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत एकटीच नाचले. शेजारीण बघत होती, बघू दे.

यंदा गावी गेलो तर भावाच्या मुलीला हगवण. वहिनीनं तिच्या पुढचं ताट उचललेलं. मी पदर खोचून भांडायच्या तयारीनं पुढे झाले. पण सम्यकला खाताना-खेळताना रोज पाहत असलेली माय आधीच उठली होती. तिनं ताट वहिनीच्या हातून घेतलं, पोरीपुढे ठेवलं आणि अंगणात शेळीमागे उधळलेल्या सम्यककडे बोट केलं.

"त्याले पाह्य. तो खाऊनच वाचला. माह्या पोरीचं ऐक."

मी कधी एवढी खूश झाले नव्हते. घर म्हणजे जिथं मायचं ऐकायचं, असंच मी आजवर धरून चालले होते. आता त्या घरात माझंही ऐकतात. पोरीनं दुसरा घास मागितला, आणि मायनं तो माझ्या हातून भरवून घेतला.