स्वेटरात गुंडाळलेला थर्मामीटर

डांबरगोळ्यांचा वास आला की मला पाटणजवळच्या आमच्या शाळेतली थंडीतली एक सकाळ आठवते. आठवीला उष्णता शिकवत होतो. लोकरीतच ऊब असते, असं अख्ख्या वर्गाचं ठाम मत. माझ्या बोलण्यावर माना हलायच्या, पटायचं काहीच नाही. शेवटी वैतागून म्हटलं, घरनं गरम कपडा आणा, मोजूनच बघू. वडील फौजेत असलेल्या एका मुलीनं त्यांचा जुना हिरवा स्वेटर आणला. एक थर्मामीटर त्यात गुंडाळला, दुसरा नुसताच टेबलावर ठेवला. खिडकीतून जळत्या पाचटाचा धूर येत होता आणि स्वेटराला डांबरगोळ्यांचा वास होता. तास संपताना उलगडून पाहिलं, तर पारा दोन्हींत सारखाच. वर्ग हसला. ती मात्र म्हणाली, "सर, परत गुंडाळा की. अजून थोडा वेळ थांबूया." मी समजावलं, ऊब माणसाची असते, लोकर ती नुसती धरून ठेवते. ती म्हणाली, "पण पप्पा सुट्टी संपवून गेले तवा अंगातनं काढून दिलेला. लय गरम हुता." "ती त्यांची ऊब." "मग ती कुटं गेली, सर?" हवेत पसरली, असं उत्तर मी दिलं आणि ते बरोबरच होतं. तिनं स्वेटराची घडी करून दप्तरात ठेवली. बायको गेल्यानंतरची ही पहिलीच थंडी. आज पेटी उघडून तिची शाल काढली. थर्मामीटर काय दाखवेल, ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी शाल अंगावर घेतली आणि रिकाम्या घरात म्हणालो, अजून थोडा वेळ थांबूया.