तीन गाठींपाशी थांबायचं

चंद्रभान गोतमारे रोज सकाळी डोळे मिटून नळापर्यंत जायचे. हुडकेश्वरच्या त्यांच्या घराच्या दारापासून कुंपणाजवळच्या नळापर्यंत एकोणीस पावलं होती. पहिली सहा फरशीवर, पुढची दोन सिमेंटच्या पट्टीवर, उरलेली मातीत. पायात काही घालायचे नाहीत. एकोणिसाव्या पावलाला अंगठा बादलीला टेकला की डोळे उघडायचे आणि तोंड धुवायचे.

वंदनाबाई, त्यांच्या पत्नी, कधी कामाच्या घाईत, कधी मुद्दाम बादली सरकवून ठेवायच्या.

"चांगले डोये देले देवानं, अन् हे आंधयाचं सोंग काहून करून राहिले?"

"सोंग नाही वं. पाय तपासून राहिलो."

"तपासा. पडसान एक दिवस, तं मलेच या लागन उचलाले."

शहरातल्या एका जुन्या नाट्यगृहात त्यांनी एकतीस वर्षं रंगमंचामागे सुतारकाम केलं. भिंती उभ्या करायच्या, दारं बसवायची, प्रयोग संपला की सगळं उतरवून टेम्पोत भरायचं. गाव नरखेड तालुक्यातलं, संत्र्याची बाग भावाकडे. एवढी नाटकं झाली, पण समोर बसून त्यांनी बहुतेक एकही पाहिलं नव्हतं. ते विंगेतून पाहायचे. त्यामुळे नटांची तोंडं त्यांना फारशी आठवत नसत, पाठी आठवत. पाठीवरून नाव सांगायचे.

निवृत्त झाल्यावरही नाट्यगृहवाले त्यांना बोलवत. तिथेच चारुलताताईंचा गट आला. ताई अंधविद्यालयात मराठी शिकवायच्या. नोकरी संपल्यावर त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांचा हा नाटकाचा गट केला होता. सात जण, त्यातल्या चौघांना अजिबात दिसत नव्हतं. मी त्यांना संहिता वाचून दाखवायला जायचे. सकाळी मंच रिकामा असायचा, तेव्हा तालीम.

पहिल्या तालमीला प्रत्येकाला कुणीतरी कोपराला धरून आणायचं, ठरलेल्या जागी उभं करायचं आणि निघून जायचं. टेबल ठेवावं तसं. वेदिका तेव्हा तेवीस वर्षांची होती, एका कार्यालयात फोनवर काम करायची. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. तिला जागेवर उभं केलं की ती हळूच चप्पल काढायची आणि अंगठ्याने फळ्यांमधली फट शोधायची. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. विंगेत स्टुलावर बसलेल्या चंद्रभानकाकांच्या आलं.

दुसऱ्या दिवशी ते सुतळीचं बंडल घेऊन आले. त्यांच्याकडे नवी बाग लावताना शेतात सुतळी ताणतात, तिला अठरा-अठरा फुटांवर गाठ असते, आणि प्रत्येक गाठीखाली रोपासाठी खड्डा घेतात. लहानपणी त्या सुतळीचं एक टोक त्यांच्या हातात असायचं. इथे त्यांनी सुतळी फळ्यांवर चिकटपट्टीने बसवली आणि वरून पातळ सतरंजी घातली. एक गाठ म्हणजे वळायचं. दोन गाठी म्हणजे पुढे खुर्ची किंवा दार. लागोपाठ तीन गाठी म्हणजे मंचाची कड एका हातावर आहे, थांबायचं.

"काका, दोन आणि तीन सारख्याच लागतायत," वेदिका म्हणाली.

"टाच टेकवशीन तं सारख्याच लागन. बोटानं चाचप वं."

"आणि तुम्हाला काय दिसतं तिकडून?"

"मले तं आजपावेतो लोकायच्या पाठीच दिसल्या."

"मग माझी कशी आहे?"

"ताठ हाये. जराशी जास्तच. बापावर गेली."

तिसऱ्या रांगेत बसलेले तिचे वडील, मार्तंडराव, हसले नाहीत. वेदिका मात्र संवाद विसरेपर्यंत हसली.

डोळे मिटून नळापर्यंत जायची सवय तेव्हापासूनची. सुतळी बसवली की आधी स्वतः अनवाणी, डोळे मिटून तिच्यावरून चालायचं आणि मगच वेदिकाला हाक मारायची, हा त्यांचा नियम होता. पायांना सराव हवा म्हणून सकाळचं चालणं.

नाटक सव्वा तासाचं होतं, मध्यंतर नव्हतं. शेवटी वेदिकाचं पात्र घर सोडून निघतं, एकटं चालत अगदी पुढे येतं आणि प्रेक्षकांकडे बघून शेवटचं वाक्य बोलतं. ते पात्र आंधळं नव्हतं. वेदिकाने भूमिका घेतली ती त्यासाठीच.

मार्तंडरावांचा तेवढ्या चालण्याला विरोध होता. "कुणीतरी हात धरून आणा तिला. लोकांना काय, माहीतच आहे."

"त्यांना कळू नये म्हणूनच करतेय ना बाबा."

"ठीक आहे. एक प्रयोग. काही झालं तर तिथेच बंद. मग परत विषय काढायचा नाही."

"नाही काढणार," वेदिका म्हणाली.

प्रयोग डिसेंबरातल्या एका रविवारी होता. तो एका सांस्कृतिक मंडळाने ठेवला होता, आणि नाटकाआधी त्यांना सगळ्यांचा सत्कार करायचा होता. सातही कलाकार, चारुलताताई आणि चंद्रभानकाका. काकांनी नको म्हटलं, पण निमंत्रणपत्रिकेत नाव छापून झालं होतं. वंदनाबाईंनी काळे, लेसचे बूट आणले.

"शाल घ्याले काय अनवाणी जासान? एवढ्या मोठ्या लोकायच्या बाजूले?"

त्यांनी घातले. लेस वंदनाबाईंनीच बांधली, दोनदा गाठ मारून. विंगेत भेटले तेव्हा मला म्हणाले, "पाय पेटीत ठेवल्यावानी वाटून राहिले."

सुतळी त्यांनी सकाळीच बसवली होती. अनवाणी चालून पाहिलं होतं. वेदिका तीनदा चालली होती आणि तीनदा बरोबर थांबली होती. दुपारी मंडळाचे स्वयंसेवक पाहुण्यांसाठी लाल गालिचा घेऊन आले. त्यांनी पुढच्या बाजूने सतरंजी उचलली, तर खाली गाठी मारलेली सुतळी. पाहुणे अडखळतील असं त्यांना वाटलं. त्यांनी पाचेक फूट सुतळी सोडवून कापली, नीट गुंडाळली आणि विंगेतल्या टेबलावर श्रीफळांच्या शेजारी ठेवली. फेकली नाही. कुणाला सांगायला हवं, असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं.

पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले. भाषणं झाली, शाली झाल्या. गालिचा गुंडाळला गेला, सतरंजी ओढून सारखी केली गेली. दुसरी घंटा झाली होती. चंद्रभानकाका नियमाप्रमाणे मंचावर गेले आणि डोळे मिटून चालले. त्यांना एकही गाठ लागली नाही. बुटाचे तळवे जाड होते, पहिली गाठ लागली नाही तशीच शेवटचीही लागली नाही. बूट काढावे म्हणून ते वाकले. लेसची गाठ सुटेना. तिसरी घंटा झाली. कुणीतरी म्हणालं, "चला चला काका, पडदा."

ते उतरले. सकाळी तर चालून पाहिलं होतं.

एक तास दहा मिनिटं सगळं बरोबर झालं. शेवटी वेदिका निघाली. सुतळी जिथे संपली तिथे ती थांबली. अंगठ्याने सतरंजी चाचपली, डावीकडे, मग उजवीकडे. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. तीन गाठी लागल्या नव्हत्या, म्हणजे कड अजून लांब होती. ती पुढे चालली. तीन पावलं.

ती पहिल्या रांगेसमोर, सत्काराच्या पुष्पगुच्छांवर पडली. मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडलं. पाहुण्यांपैकी एक जण उभे राहिले आणि पुन्हा बसले. मार्तंडराव तिसऱ्या रांगेतून आले. ते तिच्याजवळ खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात सत्काराची बातमी होती. फोटोत चंद्रभानकाका शाल घेऊन उभे आहेत. बूट दिसत नाहीत, फोटो कमरेपर्यंतचा आहे.

नाट्यगृहाने नियम केला की अंध कलाकाराचा हात धरायला माणूस असेल तरच मंच मिळेल. ते अपघात म्हणाले, मंडळवालेही अपघात म्हणाले. काकांना ती गुंडाळलेली सुतळी त्याच दिवशी टेबलावर सापडली होती. ती त्यांनी खिशात घातली आणि कुणाला दाखवली नाही.

सकाळी ते नळावर जात होतेच, पण डोळे उघडे ठेवून. वंदनाबाईंनी बादली सरकवणं सोडून दिलं. एकदा त्यांनी विचारलं, "आज डोये काहून नाही मिटले?"

"घाई हाये जराशी."

कसलीच घाई नव्हती. तोंड धुऊन ते परत आले आणि खाटेवर बसून राहिले. असे दोन महिने गेले.

फेब्रुवारीत ते मनीषनगरला वेदिकाच्या घरी गेले. मी तिला एक पुस्तक वाचून दाखवत होते. मार्तंडरावांनी दार उघडलं, बसा म्हणाले, पाणी आणून दिलं. काका खुर्चीच्या कडेवर बसले.

"साहेब, त्या दिवशी माह्या पायात बूट होते."

मार्तंडरावांना कळलं नाही. "असतील. सत्कार होता ना, गोतमारेजी."

"म्हणून मले समजलं नाही. पुढची सुतळी कोणं तरी काढली होती. मी चाललो वरून, पण बुटातून काई लागलं नाही. काढाले गेलो तं लेस सुटे ना. घंटा झाली. मी उतरलो." त्यांनी खिशातून सुतळी काढून टीपॉयवर ठेवली. "माही चूक हाये. तिची नाही."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. वेदिका म्हणाली, "काका, कुठपर्यंत होती सुतळी?"

"कडेच्या आधी पाच फूट."

ती बाहेर आली. हात अजून आखडलेला होता. टीपॉय चाचपून तिने सुतळी उचलली, उलगडली आणि टोकाकडच्या गाठी बोटांनी मोजल्या. एक, दोन, तीन.

"म्हणजे मी थांबले ते बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"मला वाटत होतं माझ्या पायाला कळल्या नाहीत गाठी. दोन महिने मी घरातसुद्धा भिंतीला धरून चालतेय."

मार्तंडराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, ती हात दुखतो म्हणून भिंत धरते.

"बाबा, मी विषय काढणार आहे," वेदिका म्हणाली.

मार्तंडराव उठले. मग काकांचा रिकामा पेला उचलून आत गेले. येताना भरून आणला. "मी पहिल्या रांगेत बसेन," एवढंच म्हणाले.

मोठं नाट्यगृह मिळणार नव्हतं. चारुलताताईंनी हुडकेश्वरच्या एका शाळेचं सभागृह मिळवलं. मे महिना, शाळेला सुट्टी. मंच अडीच फूट उंचीचा. काकांनी एकच अट घातली, सत्कार नाही. आणि पायरीवर खडूने लिहिलं, 'चपला खाली'. ज्या दिवशी त्यांनी हे लिहिलं त्या दिवशी मुख्याध्यापकही अनवाणी वर चढले. वंदनाबाईंनी मला सांगितलं, सकाळी पुन्हा डोळे मिटून चालणं सुरू झालं होतं. बादली त्यांनी दोन वेळा सरकवून पाहिली. एकदा ते अडखळले आणि म्हणाले, "सुधरली नाहीस वं तू."

प्रयोगाला शे-दीडशे माणसं आली. पंखे फिरत होते, हवा गरमच होती. वेदिका शेवटी निघाली, वळली, दारातून आली आणि चालत पुढे आली. तीन गाठींपाशी थांबली. कड एका हातावर होती. मार्तंडरावांनी दोन्ही हात मांडीवर धरून ठेवले होते. तिने शेवटचं वाक्य म्हटलं. टाळ्या जरा उशिरा आणि नेहमीसारख्याच झाल्या. लोक लगेच उठले, कुणी पाणी शोधत होतं, कुणी स्कूटरची चावी. दारात एका बाईंनी मला विचारलं, "यातली आंधळी मुलगी कोणती होती हो?" मार्तंडराव शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं.

चंद्रभानकाका तिथे नव्हते. ते चार दिवस आधी गेले, त्याच सभागृहात. सुतळी बसवून झाली होती, सतरंजी घालून झाली होती. डोळे मिटून ते दोनदा चालले, खाली उतरले, भिंतीजवळच्या बाकावर बसले. चहा आला तेव्हा ते उठले नाहीत. ऊन बेचाळीस-त्रेचाळीस होतं. डॉक्टर हृदय म्हणाले.

प्रयोग पुढे ढकलावा म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. वंदनाबाई नळाकडे तोंड करून बसल्या होत्या. बादली जागेवर होती. "त्यायनं बांधून ठेवलं हाये ना?" त्या म्हणाल्या. "मंग राहू द्या तसंच. कोणाले हात लावू देऊ नोका." सभागृहाला कुलूप लावलं होतं. ते प्रयोगाच्या सकाळीच उघडलं.

काका गेले त्या दुपारी बाकावर बसल्यावर ते एकदाच बोलले होते. दिवे लावणारा जितेंद्र, त्यांच्याच वयाचा, नाट्यगृहातला जुना सोबती, खांद्यावर शिडी घेऊन आला आणि तसाच मंचाची पायरी चढायला लागला. काकांनी बसल्या जागेवरून त्याच्या पायांकडे पाहिलं.

"चपला खाली काढून जाय गा, जितू."