फोटो चांगला आला

छावणीतल्या आमच्या एक्स-रे सेंटरवर सुलेखाताई वीस वर्षं लोकांची हाडं बघतायत. मी काउंटरला बसते. आमच्याकडं एक्स-रे कुणी म्हणत नाही, सगळे फोटोच म्हणतात. पेशंट हलला तर तो पुन्हा काढावा लागतो; म्हणून स्क्रीनवर नीट दिसलं की ताई म्हणायच्या, "फोटो चांगला आला!"

बन्सीलाही त्या तेच म्हणाल्या. वाळूजच्या कारखान्यात कामाला, शुगर जुनी, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली महिनाभर वाहणारी जखम. "दुखत तर कायच नाय," तो हसून म्हणाला. शुगरनं पायातली जाणीवच गेलेली, दुखणार कुठून? फोटोत अंगठ्याचं हाड उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. पण निदान सांगायचं काम डॉक्टरांचं. मी पाकीट हातात दिलं, डॉक्टरांना दाखवा म्हटलं. त्याच्या कानात मात्र आधीचंच वाक्य बसलं होतं. फोटो चांगला, म्हणजे पाय चांगला. तो सरळ ड्यूटीवर गेला.

महिन्याभरानं त्याची बायको लीलाबाई रिपोर्ट मागायला आली. त्याचा पाय गुडघ्याखाली कापला होता. "तुमीच म्हनलात ना, चांगला आला?" तिनं ताईंना विचारलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ताई ते वाक्य बोलत नाहीत. त्यांच्या भाचीच्या लग्नात फोटोग्राफर तेच बोलला, तर ताई भरल्या ताटावरून उठल्या. मी चिडून म्हटलं, "अहो, तुमचा काय दोष?" खरं तर पाकीट मीच दिलं होतं, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात तो वळला का, हे मीही पाहिलं नव्हतं. मलाही झोप लागत नाही.

गेल्या सोमवारी बन्सी कुबड्यांवर आला. आता उजव्या पायाला फोड. फोटो निघाल्यावर त्यानं विचारलं, "कसा आला, मॅडम?"

"स्पष्ट आलाय. पाय कसा आहे ते डॉक्टर सांगतील. चला, मी येते तुमच्यासोबत." पाकीट त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं.

रस्ता ओलांडताना ताईंनी कसंबसं विचारलं, "मागचा फोटो टाकून दिलात का हो?"

"नाय मॅडम. लीलानं खिडकीला लावलाय," बन्सी म्हणाला. "त्याच्यात पाय हाय ना अजून."