मानांकनानंतरचा वॉर्ड

बिबवेवाडीतल्या एका खासगी हॉस्पिटलात प्रेमला सरवदे वॉर्डची मुख्य सिस्टर होती. येरवड्याहून दोन बस बदलून यायची. हॉस्पिटलने दर्जाचं मानांकन मिळवायचं ठरवलं तेव्हा बाकीच्या सिस्टर कुरकुरल्या, प्रेमला मात्र हरखली. पलंगांचे वाकलेले कठडे बदलले, खाटेखाटेशी हात स्वच्छ करायचं औषध आलं आणि मुख्य म्हणजे नव्या नर्स आल्या. पेशंटने बेल दाबली की कुणीतरी जायचंच. "शिकवलं होतं तसं काम आता कुठे करतेय," ती घरी सांगायची.

तपासणी झाली, मानांकन मिळालं, पेढे वाटले. मग नव्या नर्स हळूहळू कमी केल्या. एकेका सिस्टरच्या गळ्यात दोन-दोन वॉर्ड आले.

त्याच सुमारास तिच्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. रंगनाथआबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. नवरा दुसरीकडे नेऊ म्हणत होता. प्रेमलाच अडून बसली, "आबा माझ्या डोळ्यांसमोर राहतील."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी बेल दाबली. प्रेमला शेजारच्या वॉर्डात एका बाईला रक्त चढवत होती. रक्त सुरू होताच त्या बाईला थंडी वाजायला लागलेली, तिला सोडून जाता येईना. बेल ऐकू येत होती. मग थांबली. आबा एकटेच उठले होते. संडासाच्या दारात पडले, खुबा मोडला.

"सर, बेल वाजत होती. जायला माणूस नव्हतं," प्रेमला मॅनेजर अनिरुद्धसरांना म्हणाली.

"बेल चालू होती ना? मग निकषात बसतं, सिस्टर."

पुढच्या तपासणीआधी पुन्हा नव्या मुली दिसू लागल्या. तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "एवढा स्टाफ कायम असतो?"

"नाही," प्रेमला म्हणाली. आबांचंही सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

मानांकन कायम राहिलं; सुधारणेला वाव आहे, असा शेरा तेवढा आला. प्रेमलाची बदली चादरींच्या खोलीत झाली. "तुमच्या पाठीला तेवढाच आराम," अनिरुद्धसर म्हणाले.

आबा पुन्हा चालले नाहीत. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. प्रेमला घरी आली की त्यांना कुशीवर वळवते, जखमा धुते.

"खरं बोललीस, बरं केलंस," एकदा आबा म्हणाले.

"काय बरं झालं, आबा?" तिने विचारलं.

नोकरी सोडावी असं तिला रोज वाटतं. पण दुसऱ्या हॉस्पिटलांतल्या मैत्रिणींशी फोनवर बोलते, त्यांच्याकडेही तपासणीपुरताच स्टाफ असतो हे ऐकते, आणि सकाळी पुन्हा बस धरते.