दाराला डबे टांगणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि माझी टोपी पडली. रॉकेलच्या रिकाम्या डब्याने पाडली. लोकांच्या दाराला तोरण असतं. यांच्या चौकटीला मधोमध, बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, सुतळीने डबा टांगलेला. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला रेशनकार्डाची पिशवी. मी यावल तालुक्यातून धुळ्याला मुलगी बघायला आलेला, मुलाचा बाप. गावात माझ्या टोपीला कोणी बोट लावलं नव्हतं. ती उचलली, झटकली आणि विहीणबाई आता माफी मागतील म्हणून थांबलो. त्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "लागना ना डोकाले? बरं शे. जागावर शे म्हनजे."

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत, आणि दुसऱ्या बायका कमरेला किल्ल्या खोचतात तसं यांनी सुतळीचं गुंडाळं खोचलेलं. त्यांचे यजमान नाना घराला लागूनच सायकली दुरुस्त करायचे. त्या घराचं मला काही खरं वाटलं नाही. पण मुलगी आमच्या प्रकाशला पसंत पडली आणि त्यांच्या हातचं जेवण मला. लग्न झालं. ही ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट.

निर्मला, आमची सून, स्वभावाने सोन्यासारखी. पण वाटीभर साखर आणायला शेजारी गेली तर दोन गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी कुरडया घालून दुपारी परत यायची, तीही वाटी विसरून. घरात प्रकाशच्या मामांसारखे पाहुणे साखरेसाठी ताटकळलेले. विहिरीवरची मोटर चालू करायची आणि कुठे सुगरणीचं घरटं दिसलं की तिथेच उभी राहायची. पाणी आमची केळी सोडून शेजाऱ्याच्या कांद्यात. सातवीपर्यंत शाळेत गेली होती, पण अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा सोडून पळायची. आमच्या मंडळींनी, म्हणजे प्रकाशच्या आईने, डब्यांवर हौसेने नावांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या. सुनेने चहात ओवा टाकला. मंडळी म्हणायच्या, मुद्दाम करते. मी म्हणायचो, आळशी आहे. आळशी म्हणावं तर पोरगी पहाटेपासून पळत असायची. पण मी एकदा बोललेलं मागे घेत नसे.

मग एका चैत्रात तिला चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवायला बसवलं. दूध तापायला वेळ लागतो. तेवढ्यात ती उठली, का उठली ते तिलाही सांगता आलं नाही. जळतं लाकूड चुलीतून खाली घसरलं, बाजूच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी पेट घेतला आणि अर्धं छप्पर गेलं. म्हैस वाचली, माणसं वाचली. संध्याकाळी मंडळींनी सांगून टाकलं, ही घरात राहील नाहीतर मी राहीन.

आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात. अक्षय्य तृतीयेचा हा सण म्हणजे लेकींचाच. झोके, गाणी, आमरस. त्यामुळे सून आखाजीला माहेरी गेली तर गावात कोणी विचारत नाही. सण संपला आणि तिला आणायला सासरहून कोणी गेलंच नाही, तर कळायचं ते आपोआप कळतं. आम्ही तसं ठरवलं. न्यायला तिचा भाऊ यायचा, तर मीच म्हणालो की मी सोडतो. निघताना प्रकाशने एवढंच विचारलं, "आबा, आखाजीले पेटी कसाले?" सणाला लेक एक पिशवी घेऊन जाते. मी तिची लग्नातली लोखंडी पेटी, सगळ्या कपड्यांसकट, एसटीच्या टपावर चढवली होती. पोरगी मात्र खिडकीला बसून वाटभर बडबडत होती. तिला वाटलं, सासऱ्याने हौसेने पेटी घेतली.

अक्कांनी दारातच पेटी पाहिली. मग मला पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. पेटी ओसरीवर ठेवून घेतली, वर घोंगडी टाकली आणि म्हणाल्या, "बठा आबा. पेटीवरच बठा." मी बसलो. मागाहून कळलं की तीन दिवस त्यांनी मला दुसरीकडे बसूच दिलं नाही. मी वर बसलेलो असताना ती उघडणार कोण?

माझा बेत साधा होता. बायकांशी बोलायचं नाही, नानांना एकट्याला गाठायचं आणि दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हायचं. पण नाना एका वाक्याएवढा वेळ बसतील तर ना! "नाना, मी आलो तो असा," एवढं म्हणेपर्यंत ते हां हां म्हणत दुकानात गेलेले. मी मागे गेलो. तिथे पाच सायकली उघडून पडलेल्या, आणि नाना सहावीचं चाक काढत होते. तेवढ्यात अक्का आल्या, ते चाक काढून घेतलं आणि पहिल्या सायकलीचा एक नट त्यांच्या हातावर ठेवला. तो बसला की दुसरा नट. रागावणं नाही, ओरडणं नाही. जनावराला चारा टाकावा तितक्या सहज.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने नानांबरोबर बाजारात निघालो. रस्त्यात तर माणूस शेजारी चालेल. अक्कांनी त्यांच्या हातात रिकामी तेलाची बाटली दिली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीनवरून डोळे न उचलता म्हटलं, "नाना, तेल." पुढे न्हाव्याने वस्तरा थांबवून, "नाना, तेल." मशिदीजवळच्या बेकरीवाल्या चाचांनी, "नाना, तेल." ज्याची दाढी अर्धी झाली होती तो गिऱ्हाईकही साबणातून बोलला. सगळ्या गल्लीने त्या माणसाला हातोहात तेलाच्या दुकानापर्यंत पोचवलं आणि तसंच परत आणलं. या सगळ्यात मी माझं वाक्य कुठे घालणार? घरी येऊन अक्कांना विचारलं, हे काय आहे? त्या म्हणाल्या, "याद ठेवा म्हनीसन याद राहत नही, आबा. हातमा बाटली पाहिजे नहीतर डोकाले डबा लागाले पाहिजे."

मी म्हटलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा वाटलं की नवरा आपल्याला मोजतच नाही. सांगितलेलं एकही काम करत नाही. "पहिला तीन वरीस रडनू. मंग बजारमाईन दोरी लई उनू." म्हणजे बाजारातून दोरी घेऊन आले. आणि हसल्या. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. ज्या कामाला आलो ते बाकी होतं.

आखाजीच्या दिवशी सकाळी ओसरीपुढच्या अंगणात मांडे चालले होते. मांडे म्हणजे आमच्याकडची पुरणाची मोठी पोळी. दोन्ही हातांवर फिरवत, ताणत लुगड्याच्या पदराएवढी करायची आणि उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. खापर तापलेलं, पीठ सैल. हात क्षणभर थांबला की मांडा फाटतो, नाहीतर करपतो. चांगल्या चांगल्या बाया त्याला घाबरतात. मी पेटीवरून बघत होतो. खापरापुढे निर्मला बसलेली. एक हातावर, एक खापरावर, एक उलटायला आलेला. कपाळावरचा घाम पुसायला तिला सवड नव्हती. बाहेर पोरींनी झोक्यावर गाणी लावलेली, तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या, तिने मान वर केली नाही. शेवटचा गोळा संपेपर्यंत एकही मांडा फाटला नाही.

अक्का माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघून बोलल्या.

"आबा, आते मले सांगा. मनी आंडेर तुम्ही सोडाले उनात का टाकाले उनात?"

आंडेर म्हणजे लेक. तीन दिवस घोकलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी म्हणालो की छप्पर जळालं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, तिने आल्या आल्या सांगितलं. मी म्हणालो, उद्या घर जळेल. त्यावर त्यांनी खापराकडे बोट केलं. "हाई बी विस्तवच शे ना? तिले दूधजोडे बठाडू नका. मांडा कराले बठाडा." सावकाश होणारं काम तिच्याच्याने होत नाही, घाईचं दुसऱ्या कोणाच्याने तिच्याइतकं होत नाही, आणि हे मी लग्नातच तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं असतं तर तुम्ही तिला केली नसती म्हणून गप्प बसले, असं त्या म्हणाल्या. आवाज तेवढा एकदाच बारीक झाला. मी ताटावर बसलो आणि जेवलो. ज्या घरचा मांडा खाल्ला त्या घरची लेक टाकून येण्याएवढा मी कोरडा नव्हतो. आणि हे मला कोणी समजावलं म्हणून नव्हे, मी स्वतः ठरवलं, हे मी आजही सांगतो.

परत निघालो तेव्हा पेटीशेजारी अक्का आपली वळकटी घेऊन उभ्या. म्हणाल्या, आठ दिवस तुमच्याकडे येते. मुलीची आई मुलीच्या सासरी राहायला येते, हे आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही म्हणून बाईने स्वतःचं पीठ, मिरच्या आणि तवा बरोबर घेतला. आमच्या अंगणात तीन दगड मांडून त्या भाकरी थापायच्या आणि दिवसभर आमचं घर उलटंपालटं करायच्या. डब्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या, झाकणांना रंगीत दोरे आले. साखरेला लाल, ओव्याला हिरवा. पऱ्हाट्या चुलीपासून अंगणाच्या टोकाला गेल्या. मोटरीच्या बटणाला सुतळीचा फास बांधला. मोटर चालू करायची तर निर्मलाने एक चप्पल त्यात अडकवून जायची, म्हणजे अनवाणी पायाला खडा बोचला की मोटर आठवते. मंडळी चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी शेतातून आलो तर दोघी त्या तीन दगडांपाशी बसून ठेचा खात होत्या आणि मंडळी विचारत होत्या, "अक्का, आन् आमच्या यायले काय टांगू?" म्हणजे मला. मी पाय न धुताच परत शेतात गेलो.

पुढे निर्मलाची धाकटी मुलगी शाळेत जाऊ लागली आणि तिचीही अक्षरं पळू लागली. तोपर्यंत नव्वद साल उलटून गेलं होतं. जळगावच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, दुखण्याला लांबलचक नाव आहे म्हणाल्या, पोर ढ नाही, रागावू नका, एका वेळी एकच काम द्या, वस्तू डोळ्यांपुढे ठेवा. मी म्हणालो, बाई, हे सगळं आमच्या धुळ्याच्या विहीणबाई करतात, त्याही सुतळीवर. डॉक्टरबाईंना त्यांना भेटायचं होतं. ते राहून गेलं. अक्कांना पोटाचं दुखणं लागलं.

धुळ्याच्या दवाखान्यात मी निर्मलाला घेऊन गेलो. अक्का गादीवर पोरासारख्या दिसत होत्या. त्यांना मरणाचं काही वाटत नव्हतं, नानांचं वाटत होतं. मुलगा नोकरीसाठी सुरतेला, सून नवी. मी म्हणालो, नानांना मी नेतो. म्हणाल्या, बाप लेकीच्या घरी राहतो का? मी म्हणालो, घर लेकीचं नाही, माझं आहे. माझा व्याही माझ्या घरी राहील. मला कोण विचारतो?

मग अक्का नानांचं एकेक सांगायला लागल्या. अंघोळ चहाच्या आधी, चहानंतर माणूस सापडत नाही. जेवताना शेजारी कोणीतरी बसलंच पाहिजे. दाढीचं सामान हातात द्यायचं, सांगायचं नाही. रागावलं तर दोन दिवस जेवत नाहीत, पण का रागावलं ते विसरतात. असं पुष्कळ. मी निर्मलाला म्हणालो, ऐकतेस ना? तर ती खोलीत नव्हतीच. अक्का हसल्या, त्यांना हसताना दुखत होतं. "आबा, तुमलेच पाठ करनं पडी. म्हना." मी चौथीपर्यंत शिकलेला, मास्तरांपुढे कधी पाढा म्हटला नाही. त्यांच्यापुढे म्हटलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा सगळं बरोबर आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. चार दिवसांनी गेल्या.

तेरावं झाल्यावर मी नानांना आणि निर्मलाला घेऊन निघालो. नाना पुढे पाच वर्षं आमच्याकडे राहिले, पण त्या पहिल्याच दिवशी एरंडोलला गाडी दहा मिनिटं थांबली आणि सुटायच्या वेळी बघतो तर नाना जागेवर नाहीत. कंडक्टरने घंटी दिली. निर्मला उठली, "आबा, मी पाहते." मी तिला म्हटलं, तू बस, एक उतरला तेवढा पुरे. आणि मी खाली उतरून गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आतल्या लोकांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मी म्हणालो, आमचे व्याही यायचे आहेत, ते आल्याशिवाय ही गाडी माझ्या अंगावरून जाईल. पोलिसाला बोलावतो म्हणाले. मी म्हणालो, बोलवा. एवढ्यात नाना पलीकडच्या झाडाखालून आले, दोन्ही हात काळे, चेहरा प्रसन्न. कोणाच्या तरी सायकलीची चेन उतरली होती.

अक्कांनी पाठ करून घेतलेल्यात एसटीचं काही नव्हतं. ते माझं मलाच सुचलं.