गोठ्याभोवतीचे ठसे

काका रस्त्यात भेटले तरी मान वर करायचे नाहीत. बर्फात उकिडवे बसून कुठल्याशा ठशाशेजारी पंजा टेकवलेला, आणि आपण जवळ गेलो की हुकूम, "थांब! आधी कोण गेलंय ते बघू." मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या वसाहतीतून जाऊन जाऊन कोण जाणार? ससे, कुरियरवाला आणि शेजारच्या काकूंचा कुत्रा. पण कुत्रा कोणत्या पायाने लंगडतोय, हेही काका सांगायचे.

इथे मुलाकडे येण्याआधी बरीच वर्षं ते झांबियातल्या एका खेड्यात होते. तिथे जंगल आणि जनावरं गावकरीच राखतात. काका त्यांना नोंदी ठेवायला शिकवत आणि माग काढायला त्यांच्याकडून शिकत.

एका सिंहिणीने गावातल्या गाई मारल्या. गाव तिला मारायला निघालं. काकांनी सभेत हात जोडले, "तिला पिल्लं आहेत. कुंपण घालू, राखण ठेवू." त्यांच्या एका मित्राने पहिला हात वर केला, आणि राखणीला तोच उभा राहिला. चौथ्या दिवशी सिंहिणीने त्यालाच मारलं. त्याच आठवड्यात काका आजारी पडले आणि मुलाने त्यांना इकडे आणलं. हे सांगताना त्यांचा चहा निवून जायचा. "माझ्या शब्दावर उभा होता रे तो. त्याला पुरल्यावर त्याच्या बायकोला पुन्हा तोंडही दाखवलं नाही मी."

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळीच ते माझ्या दारात. मी टायर टेस्टिंगमध्ये काम करतो. काकांच्या त्या गावात जुन्या टायरच्या चपला कापून घालतात. गावातून आलेले दोन फोटो त्यांनी पुढे केले. दोन्हींत गोठ्याजवळच्या मातीत चपलेचा ठसा.

"एकच चप्पल आहे का, सांग."

मी फोटो मोठे करून पाहिले. दोन्हींत टाचेवर तोच तिरपा काप. "एकच आहे, काका. पण दुसऱ्यात नक्षी बरीच झिजलीय. मधल्या काळात कोणीतरी भरपूर चाललंय."

"पहिला माझा मित्र जिवंत असतानाचा," काका म्हणाले. "दुसरा कालचा. चपला त्याच्याबरोबर पुरल्या. मीच ठेवल्या होत्या."

लख्ख उन्हात माझ्या अंगावर काटा आला. गावात म्हणे ते ठसे रोज सकाळी गोठ्याभोवती दिसत, आणि सिंहीण पुन्हा फिरकली नव्हती.

"बाबा, आर यू सिरियस? तुमची शुगर, तुमचे गुडघे!" मुलगा ओरडत राहिला. काका झांबियाला गेलेच.

महिन्याभराने त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मित्राची बायको रागावली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या शब्दावर तो उभा राहिला, तूच त्याला मोकळं कर. दमलाय तो." काका गोठ्यापाशी गेले आणि चक्क मराठीत म्हणाले, "बस झालं, दादा. आता मी बघतो." दुसऱ्या दिवसापासून ठसे थांबले.

माझे डोळे भरून आले. "सुटलात, काका! परत कधी येताय?"

"तिकीट कॅन्सल केलं. राखण सोडून कसा येऊ?"

"पण किती दिवस?"

काकांनी चेहरा स्क्रीनजवळ आणला. "मी कोणाच्या शब्दावर इथे आलो रे?"

'एकच आहे, काका,' असं मीच म्हणालो होतो. कॉल कट झाला. तेव्हापासून रोज सकाळी मी फोन लावतो. बस झालं, काका, एवढंच म्हणायचंय. फोन लागत नाही.